मोरी डावीकडे

खिडकी चुकीच्या बाजूला होती. एवढंच. जानेवारीतली सकाळ, कचेरीत अजून निम्मे लोक यायचे होते, मालोजी शिपाई फडक्यानं एका टेबलावरची धूळ दुसऱ्या टेबलावर नेत होता, आणि मी गठ्ठ्यातली वरची फाईल ओढून नकाशा उलगडला तर स्वैपाकघराची खिडकी ओट्याच्या उजव्या अंगाला. घरबांधणीच्या परवानगीसाठी आलेले नकाशे तपासायचे, हे माझं काम. चौदा वर्षं झाली. होळकरांचं राज्य गेलं, मध्यभारत झालं, साहेब बदलले, दारावरच्या पाट्या बदलल्या, मी त्याच टेबलावर. उजेड डावीकडून यावा हे नकाशानवीसाला शिकवावं लागत नाही. उजव्या हातानं रेघ ओढायची तर उजेड डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली रेघेवरच पडते. बाया भाजी चिरतात तेव्हाही तेच. म्हणून शंभरातले नव्याण्णव नकाशे सारखेच येतात, खिडकी डावीकडे, मोरी उजवीकडे हाताशी. या नकाशात सगळं फिरवलेलं. खिडकी उजवीकडे, मोरी डावीकडे, फडताळसुद्धा डावीकडे. आधी वाटलं, ट्रेसिंगचं कापड उलटं टाकून गिरवलं असेल. नवशिके करतात असला गाढवपणा. पण बाकीचं घर सरळ होतं. ओसरी, माजघर, दोन खोल्या, जिना, सगळं जिथल्या तिथं. फक्त स्वैपाकघर डावखुरं. मग मी खाली कोपऱ्यात अर्जदाराचं नाव वाचलं. लक्ष्मीकांत मुळ्ये. कुणी बघत असल्यासारखी मी घाईनं नकाशाची परत घडी केली.

माझी बायको डावखुरी आहे. हे चारचौघांत कुणाला माहीत नाही. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा आई होती. पहिल्याच सणाला शशिकलेनं डाव्या हातात आमटीची पळी धरली आणि आईनं भर पंगतीत ती काढून घेतली. "डाव्या हातचं वाढलेलं ना देवाला चालत, ना पितरांना," म्हणाली. मी पाटावर बसून खाली बघत भात कालवत होतो. त्यानंतर शशिकला उजव्या हातानं वाढायला शिकली, उजव्या हातानं कुंकू लावायला शिकली. हळदीकुंकवाला ती इतकं सावकाश बोट टेकवते की बायका म्हणतात, बाई मोठी शांत आहे हो. शांत कसली, हात चुकू नये म्हणून जपते. आत एकटी असली की मात्र डावा. विळीवर डावा, कढईत डावा, पाणी शेंदताना डावा. आई जाऊन सहा वर्षं झाली तरी ओसरीवर कुणाची चाहूल लागली की झारा या हातातून त्या हातात जातो. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत, आणि मालकानं चूल घातली आहे ती डाव्या भिंतीला अगदी चिकटून. तिचं कोपर दिवसभर भिंतीला लागतं. कोपरावरची कातडी जाड झाली आहे. हे मला माहीत आहे. आणि मी सोडून, जो कुणी आमच्या स्वैपाकघरात पाट ओढून बसला असेल, त्याला माहीत असणार.

लक्ष्मीकांत बसायचा. ओसरीवर बसण्याची त्याची पद्धत नव्हती. तो आणि मी एकाच आठवड्यात नोकरीला लागलो, टेबलाला टेबल लावून दहा वर्षं बसलो. रेघ माझी चांगली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कुणालाही विचारा. त्याची रेघ म्हणजे बैल मुतला तशी. पण बोलण्यात वस्ताद, साहेबाला हसवील, ठेकेदाराला चहा पाजायला लावील, आणि संध्याकाळी माझ्याच घरी येऊन सरळ आत जाईल, "वहिनी, आधी चहा, मग नवऱ्याचं कौतुक." ती हसायची. भावजी, भावजी करत हसायची. माझ्यापुढे ती वर्षातून दोनदा हसत असेल, तेही पोरांच्या कुठल्या गोष्टीवरून. मी ओसरीवर बूट काढत असायचो आणि आतून ते हसणं ऐकू यायचं. मग सन पन्नासात तो नोकरी सोडून एका ठेकेदाराकडे सुपरवायजर झाला. "सरकारी खुर्चीला मुळं फुटतात रे पांड्या," म्हणाला. मला राहिली ती खुर्ची आणि त्याच्या टेबलावर आलेला एक माळव्यातला पोरगेला कारकून. नव्या वसाहतीत प्लॉट निघाले तेव्हा लक्ष्मीकांतच फॉर्म घेऊन माझ्याकडे आला होता. "भर की भिया. नंबर लागला तर लागला." मी म्हटलं, बघू. माझ्या आयुष्यातली निम्मी कामं बघू या शब्दावर अडलेली आहेत. त्याचा नंबर लागला. वसाहत कमिटीची एकच अट होती: एकतीस मार्चच्या आत नकाशा पास करून आणायचा, नाहीतर प्लॉट यादीतल्या पुढच्या माणसाला.

मला त्याचा मत्सर वाटायचा. सरळ शब्द आहे, सरळ सांगतो. नोकरीचा, प्लॉटचा, त्याच्या खांद्यावर कोट बसायचा त्याचासुद्धा. पण तो मत्सर रोजच्या वापरातला होता, त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्या सकाळी जे झालं ते वेगळं. दुपारी सगळे डबे खायला गेले तेव्हा मी दार लोटून नकाशा पुन्हा उलगडला आणि पट्टी घेऊन स्वैपाकघर मोजत बसलो. ओटा उभ्यानं काम करण्याच्या उंचीचा. इंदुरात अजून किती घरांत उभा ओटा आहे, बोटांवर मोजता येतील. खिडकीची चौकट खाली आणलेली, म्हणजे उभ्या बाईला रस्ता दिसावा. मागच्या दाराशी आतल्या बाजूनं एक रुंद पायरी काढलेली, कशासाठी ते लिहिलेलं नव्हतं. मला माहीत होतं कशासाठी. तिथं बसून तांदूळ निवडायचे, पाय खालच्या फरशीवर, पाठ चौकटीला. मला हे कसं माहीत? शशिकलेनं सांगितलं होतं. लग्नाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी जेवायला बसलो की ती समोर बसून सांगायची. आपलं घर झालं की मी उभ्यानं स्वैपाक करीन. मला रस्ता दिसला पाहिजे. एक पायरी हवी, आतच. मोरी माझ्या या हाताला. आणि डावा हात वर करून दाखवायची, मग आई येतेय का बघून खाली घ्यायची. मी म्हणायचो, हो हो, नकाशा मी काढीन, घरचाच नकाशानवीस आहे. लोकांचे शेकडो नकाशे मी या हातानं नीट करून दिले. तिच्यासाठी कागदावर एक रेघ ओढली नाही. पुढे तिनं ते बोलणं सोडलं. केव्हा सोडलं ते मला आठवेना. टेबलाशी बसून मी ते वर्ष शोधत राहिलो आणि मग मनात आलं की तिनं बोलणं सोडलं नसेल. फक्त माझ्याशी बोलणं सोडलं असेल.

त्यानं हे घर तिच्यासाठी काढलं होतं. एवढं मनात येऊन बसलं की मग हलेना. त्याची बायको इंदुमती उजव्या हाताची आहे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. संक्रांतीला तिळगूळ देते, चहाची कपबशी पुढे करते, किराण्याची यादी लिहिते, सगळं उजव्या. मग डावखुरं स्वैपाकघर कुणासाठी? मी लाल शाईची दौत उघडली आणि पहिली हरकत लिहिली: मागील मोकळी जागा पूर्ण दाखवलेली नाही. दाखवलेली होती, पण माप एका बाजूनं लिहिलं होतं, दोन्ही बाजूंनी लिहायला हवं. नियमात तसं आहे. मी नियमाबाहेरचं काही केलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फाईल परत गेली. पंधरा दिवसांनी दुरुस्त होऊन आली. मी दुसरी हरकत काढली, शेजारच्या प्लॉटधारकाचं नाव नाही. पुन्हा गेली, पुन्हा आली. आमचे ओव्हरसियर व्यासजी, भला माणूस, पान खाऊन टिपा वाचायचा. म्हणाला, "पांडुरंगजी, इत्ता बारीक मत देखो. मुळ्येजी तो अपने ही आदमी हैं." मी म्हटलं, "अपने हैं इसीलिए देख रहा हूँ साहब. कल कोई बोले नहीं." त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. माझ्या प्रामाणिकपणाचं नाव आहे शाखेत.

त्या दिवसांत मी घरी वाट बदलून जाऊ लागलो. कधी तासभर लवकर, कधी मागच्या गल्लीनं. आपण काय करून राहिलो आहोत हे मला कळत होतं आणि कळून काही फरक पडत नव्हता. मोरीत किती कपबशा पडल्यात ते मी बघायचो. दोन दिसल्या की दुसरी कुणाची, असं सहज विचारल्यासारखं करायचो. मग शशिकला म्हणायची, वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या, की मी त्या बाईंचाही राग करायचो. एकदा विचारलं, "लक्ष्मीकांत आला होता का इकडे?" ती कणीक मळत होती. डाव्या हातानं. म्हणाली, "नाही. का हो?" का हो म्हणताना तिनं हात थांबवला. थांबवला की मला वाटलं, कोण जाणे. मी त्या हाताकडे बघत राहिलो. अकरा वर्षं तो हात माझ्या घरात लपत होता, आणि मला तो कधी सुंदर वाटला नव्हता. आता दुसऱ्या कुणाच्या नकाशात त्याच्यासाठी खिडकी काढलेली पाहिली, आणि तो वाटला. याच्यापेक्षा वाईट काही मला स्वतःबद्दल माहीत नाही. ती म्हणाली, "असे काय बघताय? बरं नाही का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तिनं हात धुतला, सुंठ उगाळून आणली आणि माझ्या कपाळाला लावली. उजव्या हातानं.

मार्चच्या सुरुवातीला लक्ष्मीकांत स्वतः कचेरीत आला. मालोजीला खिशातून सुपारी काढून दिली, व्यासजींना दोन शब्दांत हसवलं, आणि माझ्या टेबलाच्या कडेवर एक मांडी टाकून बसला. कचेरीत आजही लोक त्याला उठवत नाहीत.

"काय करून राहिला रे पांड्या तू? अपनाच नकाशा आहे तो. दोन महिने झाले."

"नियमात बसत नाही."

"कुठं बसत नाही ते सांग. इथंच बसून नीट करतो. तुझीच पेन्सिल दे."

मी नकाशा पसरला आणि मोरीवर बोट ठेवलं. सार्वजनिक नाली प्लॉटच्या उजव्या गल्लीतून जाते, मोरी घराच्या डाव्या टोकाला. मोरीचं पाणी नालीपर्यंत न्यायचं तर पाइप दोन खोल्यांच्या जमिनीखालून जाणार. नियमात हे टाळावं असं लिहिलं आहे. टाळावंच असं नाही. ओव्हरसियरनं मनात आणलं तर चालतं, तपासणाऱ्यानं टीप लिहिली तर चालत नाही. मी म्हटलं, "मोरी उजवीकडे घे. उद्या पास."

हे म्हणताना मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मी मनाशी ठरवलं होतं की त्यानं मोरी हलवली तर मी फाईल सोडणार. मला तेवढंच हवं होतं. लक्ष्मीकांतनं कान खाजवला आणि हसला. "मी पण हेच म्हटलं होतं. वीस फूट पाइप जास्त लागतो, वर कटकट. पण घरात ऐकतील तर ना भिया. इंदू म्हणते, मोरी इथंच आणि खिडकी तिथंच, इंचभर हलवायची नाही. कुठून डोक्यात घेतलंय कोण जाणे."

"इंदुमतीवहिनी म्हणतात?"

"मग आणखी कोण? थांब, परत विचारतो."

चार दिवसांनी तो पुन्हा आला, उन्हातून, सायकल हाणत. "नाही म्हणते बाबा. एकदम पक्की आहे. तूच काहीतरी कर ना. तुझ्या हातात आहे." मी म्हटलं, बघू. तो गेला आणि मी हसलो. बायकोच्या नावावर खपवतोय लेकाचा. उजव्या हाताची बाई डावीकडच्या मोरीसाठी अडून बसते, हे मला सांगतोय, मला, चौदा वर्षं मोऱ्या तपासणाऱ्याला.

तरीही मी फाईल ठेवून दिली होती. टीप लिहिली नव्हती. सव्वीस मार्चपर्यंत वेळ होता, साहेबांच्या सहीला दोन दिवस धरले तरी काम होत होतं. मधे रंगपंचमी आली. इंदूरची रंगपंचमी म्हणजे गेर, रंग उधळणारी मिरवणूक, निघते, राजवाड्याकडे टँकरांनी रंग उडतो, माणसं ओळखू येत नाहीत. दुपारी लक्ष्मीकांत रंगानं माखून आमच्या दारात उभा. मला मिठी मारली, माझा पांढरा सदरा हिरवा केला, आणि नेहमीसारखा आत गेला. मी त्याच्या मागोमाग गेलो. शशिकला चुलीशी होती. त्यानं लांबूनच चिमूटभर गुलाल तिच्या पायाशी टाकला, "वहिनी, आशीर्वाद द्या," म्हणाला, सगळं रीतसर, बोट ठेवायला जागा नाही. तिनं त्याला ताटलीत गुजिया दिल्या. आणि मग तिनं विचारलं, "भावजी, नकाशाचं झालं का?"

मी तिला त्या नकाशाबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. कचेरीतलं मी घरी सांगत नाही.

"तुमच्या नवऱ्यालाच विचारा," तो तोंडात गुजिया धरून म्हणाला. "त्यांच्या टेबलावर अंडी उबवत बसलाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी तिनं माझ्याकडे असं पाहिलं होतं, काहीतरी मागायचं असल्यासारखं. "होईल की," ती म्हणाली. "हे आहेत ना तिथं." आणि पदरानं तोंड पुसलं. तिच्या गालांवर रंग चढला होता, चुलीचा असेल, गुलालाचा असेल. मी तो रंग त्याच्या नावावर टाकला. त्याच्यासाठी ती माझ्याकडे रदबदली करत होती. माझ्या घरात, माझ्या देखत, माझ्या हातून त्याचं घर पास करून घ्यायचं आणि त्या खिडकीत कधीतरी... पुढचं मला लिहवत नाही, पण तेव्हा मी ते सगळं पाहिलं, तपशिलासकट, कारण ते घर मला इंच इंच पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्या गेल्या मी टीप लिहिली. मोरी सार्वजनिक नालीच्या विरुद्ध बाजूस असून सांडपाण्याचा निचरा निवासी खोल्यांखालून होत असल्याने नकाशा नामंजुरीस योग्य. खाली सही, तारीख. माझं अक्षर कधी नव्हे इतकं छान आलं. व्यासजी म्हणाले, "अरे, ये तो चल जाता है यार." मी म्हटलं, "चलता है साहब, पर लिखा तो यही है." त्यांनी खांदे उडवून साहेबांकडे फाईल पाठवली. अठ्ठावीसला नामंजुरीचा कागद निघाला. नवा नकाशा काढून, नवा अर्ज करून, तीन दिवसांत पास करणं ब्रह्मदेवाला जमलं नसतं. एक एप्रिलला प्लॉट यादीतल्या पुढच्या माणसाच्या नावावर चढला. कुणी देपालपूरचा धान्याचा व्यापारी होता म्हणे. लक्ष्मीकांत माझ्याकडे आला नाही. रस्त्यात दिसला तेव्हा सायकलवरून उतरला नाही, फक्त मान हलवली. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. दोन दिवस वाटलंही. शशिकलेला कुणी सांगेल आणि मी तिचा चेहरा बघेन, त्या एका क्षणासाठी मी थांबलो होतो. मी स्वतः सांगणार नव्हतो. मला तो चेहरा आयता हवा होता.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू मुळ्यांकडे होतं. शशिकला संध्याकाळी गेली, दिवेलागणीला परत आली. ओटीत भिजवलेले हरभरे, हातात काकडीची फोड, मनगटाला चंदन. मी ओसरीवर पेपर धरून बसलो होतो. ती आत जाईल असं वाटलं, पण ती माझ्यासमोर उंबऱ्यावरच बसली.

"भावजींचा प्लॉट गेला," ती म्हणाली.

"ऐकलं. वाईट झालं."

"मोरीमुळं गेला म्हणे."

मी पेपर खाली केला. तिचा चेहरा बघायचा होता मला. त्यात मला हवं होतं तसलं काहीच नव्हतं. ती दमलेली दिसत होती, देवळात बराच वेळ रांगेत उभं राहून दर्शन न होता परत आलेल्या बाईसारखी.

"ती मोरी मी सांगितली होती," ती म्हणाली.

मला वाटलं, आता आलं. "लक्ष्मीकांतला?"

"भावजींना कशाला? इंदूताईंना. दिवाळीच्या आधी त्या आल्या होत्या, म्हणाल्या, शशीताई, घर काढायचंय, मला काही सुचत नाही, तुम्ही सांगा. मी रांगोळीनं मागच्या फरशीवर काढून दाखवलं. माझंच काढलं सगळं. मनात तेच होतं, दुसरं कुठून आणू. म्हटलं, आपल्याच्यानं काही व्हायचं नाही, नुसतं डोक्यात पडून आहे, कुणाचं तरी होऊ दे. त्यांनी टिचभर कागदावर उतरवून नेलं." तिनं ओटीतले हरभरे बोटानं चाचपले. "त्यांचा हात उजवा. ते मी बोलले नाही. त्यांना कळलंही नाही. म्हटलं, राहायला गेल्या की हात अडेल, मग मला बोलावतील. सणावाराला म्हणतील, शशीताई, हे तुम्हालाच जमतं, तुम्हीच या. वर्षातून चार दिवस तरी मी तिथं उभं राहून स्वैपाक केला असता. पाप आहे ना असं मनात आणणं?"

पोरं आत पाढे म्हणत होती.

"भावजी मोरी हलवायला निघाले होते. इंदूताई तयार झाल्या होत्या. मला विचारायला आल्या. मीच म्हटलं, हलवू नका हो, तिथं आमचे हे आहेत, ते करतील पास. दोनदा म्हटलं. आज त्या सगळ्या बायकांसमोर रडल्या. मला काही बोलल्या नाहीत. डाळ वाढली, पन्हं दिलं." तिनं काकडीची फोड उंबऱ्यावर ठेवली. "नकाशा परत कुणी केला हो?"

शाखेत आम्ही तीन माणसं. व्यासजींचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. खोटं बोलायला अर्धं वाक्य पुरलं असतं, तिनं ते मानलंही असतं, तिला मानायची सवय आहे.

"मी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "तुम्ही ओळखलं नाहीत का ते? मला वाटायचं, तुम्ही बघाल नि ओळखाल. म्हणून तर मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, बघू ओळखतात का. एखाद्या दिवशी घरी येऊन म्हणतील, काय गं, तुझं घर पाहिलं आज."

"ओळखलं होतं. पहिल्याच दिवशी."

"मग?"

मला ते सांगायचं नव्हतं. पण तीन महिने तेवढं एकच पोटात धरून बसलेल्या माणसाजवळ दुसरं सांगायला काही उरत नाही. मी म्हटलं, "मला वाटलं, त्यानं ते तुझ्यासाठी काढलंय."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिला ते कळायलाच वेळ लागला. माझ्या तोंडाकडे बघत ती ते शब्द मनाशी फिरवत राहिली आणि मग तिच्या कपाळावर आठी पडली, हिशोब चुकला की पोरांच्या पडते तशी.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "तुम्ही नाही काढलंत, ते त्यांनी कशाला काढावं?"

टोमणा नव्हता तो. तिनं खरंच विचारलं होतं, आणि हरभऱ्यांची ओटी धरून ती उत्तरासाठी थांबली.